30 सप्टेंबरनंतर आलेली मुलं

शाळेचा पट 30 सप्टेंबरला धरतात. त्या दिवशी पटावर जितकी नावं असतील त्यावर संचमान्यता होते, म्हणजे शाळेला किती शिक्षक मिळणार ते ठरतं. यू-डायसची माहितीही त्याच तारखेची. शाळा राहणार की जवळच्या शाळेत समायोजित होणार, ही चर्चाही त्याच आकड्यावर चालते. रत्नागिरी जिल्ह्यातल्या ज्या वाडीवरच्या शाळेत माझ्या नोकरीची बरीच वर्षं गेली, तिथे 30 सप्टेंबरला पट 9 असायचा, कधी 11, फार झालं तर 12. आणि जानेवारीत त्याच खोलीत 17-18 मुलं बसलेली असायची. ही वरची मुलं कुठून यायची आणि हिशेबात का धरली जायची नाहीत, ते मला सांगायचं आहे. छोट्या शाळांविषयी बोलणारे पुष्कळ आहेत. ही मुलं पाहिलेले फार थोडे.

मी मूळची बीड जिल्ह्यातली. शिक्षणसेवक म्हणून निवड झाली तेव्हा महिन्याला 3,000 रुपये मानधन होतं आणि नेमणूक मिळाली ती कोकणात. मराठवाड्यातले कितीतरी शिक्षक असे या जिल्ह्यात आले. पहिल्या पावसाळ्यात मला वाडी म्हणजे काय ते कळलं. आमच्याकडे गाव म्हणजे एका ठिकाणी दाटीने बसलेली घरं. इथे एकाच गावाच्या दहा-बारा वाड्या, डोंगरउतारावर पसरलेल्या, मध्ये पऱ्या म्हणजे ओढे, पाणंदी, सडे म्हणजे कातळाची पठारं. म्हणून शाळाही वाडीगणिक. आमची शाळा कुणबीवाडीची; पऱ्यापलीकडच्या बौद्धवाडीतली मुलंही तिथेच यायची, वरच्या धनगरवाड्यावरून एखाददुसरं. चिऱ्याच्या भिंती, कौलं, एक वर्गखोली, एक पडवी, पहिली ते चौथी.

शाळेच्या कपाटातलं सगळ्यात जुनं जनरल रजिस्टर जिल्हा लोकल बोर्डाच्या काळातलं, म्हणजे 1962 साली जिल्हा परिषदा आल्या त्याच्याही आधीचं. दाखल्यांसाठी ते काढावं लागायचं, आणि काढलं की मी वाचत बसायची. सत्तरच्या दशकातल्या पानांवर एकेका वर्षी पहिलीत पंधरा-वीस नावं आहेत. त्या काळच्या प्रवेश अर्जांच्या गठ्ठ्यात पालकाच्या धंद्यापुढे बहुतेक ठिकाणी एकच शब्द सापडतो: गिरणी. बाप लालबाग-परळच्या चाळीत गाववाल्यांच्या खोलीवर राहायचा, बायको-मुलं वाडीत, आणि घर मनीऑर्डरीवर चालायचं. वाडीत पुरुष थोडे, पण शाळा मुलांनी भरलेली. 2011 च्या जनगणनेतही रत्नागिरी जिल्ह्यात 1,000 पुरुषांमागे 1,122 स्त्रिया निघाल्या. त्याचं मूळ या जुन्या रिवाजात आहे.

18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्या वर्षीच्या आणि पुढच्या वर्षीच्या पानांवर मुंबई महापालिकेच्या शाळांचे दाखले घेऊन आलेली मुलं एकाखाली एक दिसतात. शहरात घर चालेना म्हणून जी बिऱ्हाडं मुंबईत मांडली होती ती वाडीत परत आली. वाडीतल्या एक आजी मला सांगायच्या, "बाय, त्या साली शाळेत बसाय जागा नव्हती. पोरा पडवीत बसायची."

मग उलटं झालं, आणि ते कायमचं झालं. गिरण्या बंद पडल्या, पुढची पिढी सिक्युरिटीत, कुरिअरमध्ये, छोट्या-मोठ्या कंपन्यांत लागली. परळला कुटुंबाला जागा मिळत नव्हती. विरार, नालासोपारा, दिवा, बदलापूर इथे खोली घेणं जमू लागलं. तेव्हा बायको-मुलंही गेली. आमच्या शाळेचा पट उतरला तो इथे. शाळा वाईट झाली म्हणून मुलं गेली, असं सरसकट म्हणतात ते मला पटत नाही. मुलं आयांबरोबर गेली. 2001 साली रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या 16 लाख 97 हजारांच्या जवळपास होती, 2011 साली ती 16 लाख 15 हजारांवर आली. सिंधुदुर्गातही घटली. सगळ्या राज्याची लोकसंख्या वाढत असताना या दोन जिल्ह्यांची घटली, आणि त्यांच्या शाळांचा हिशेब इतरांच्याच मापाने होत राहिला.

जी कुटुंबं राहिली त्यांच्यात मुलं कमी. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्राचा प्रजनन दर 1.7 आला आहे. मला तो आकडा वाचण्याआधीच अंगणवाडी सेविकेच्या वहीत दिसला होता. दरवर्षी मे-जूनमध्ये दाखलपात्र मुलांची यादी करायची असते. आम्ही दोघी तिच्या वहीवर बोट ठेवून नावं वाचायचो, ठरलेल्या तारखेला कोणाची सहा वर्षं पूर्ण होतात ते बघायचो. एका वर्षी यादीत एकच नाव निघालं. त्या मुलाच्या घरी बाजारपेठेतल्या इंग्रजी शाळेची व्हॅन ठरलेली होती. त्याच्या आईशी मी ओटीवर बसून बोलले. तिचं म्हणणं साधं होतं: "बाई, शिकवता तुम्ही चांगलं, मला म्हायती हाय. पण त्याच्या वर्गात तो एकटाच बसणार. खेळणार कोणाबरोबर?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं, कारण ते खरं होतं. एकट्या मुलाचा वर्ग हा मुलासाठी चांगला नसतोच. दोन-तीन मुलांची शाळा चालवत राहा, असं मीही म्हणणार नाही.

आता डोंगरावरच्या बागांकडे वळते.

आमच्या वाडीच्या वरच्या सड्यावर हापूसच्या मोठ्या बागा आहेत. मालक रत्नागिरीला किंवा मुंबईला. राखण, फवारणी, बेणणी, पुढे हंगामात आंबा उतरवणं आणि पेट्या भरणं, या कामांना वाडीत माणूस उरलं नाही, म्हणून गेली कित्येक वर्षं नेपाळी कुटुंबं येतात. बहुतेक नेपाळच्या सुदूर पश्चिमेकडची: कैलाली, डोटी, अच्छाम. काही बारा महिने राहतात, पण बरीचशी दसरा-दिवाळीनंतर येतात आणि पाऊस तोंडावर आला की जातात. दुसरी वस्ती चिरेखाणीवर. जांभा दगडाच्या खाणी पावसात बंद असतात. पाणी ओसरलं की सुरू होतात आणि विजापूर, बागलकोटकडची कुटुंबं झोपड्या टाकून राहतात. त्यांतली पुष्कळशी लमाणी. तिसरी, सगळ्यात कमी दिसणारी, कातकरी कुटुंबं. कोळशाच्या भट्ट्या लावायला येतात, आज या रानात तर महिन्याने दुसऱ्या.

यांची मुलं दिवसभर बागेत, खाणीवर असतात. मी ती पहिल्यांदा पाहिली ती शाळाबाह्य मुलांच्या सर्वेक्षणासाठी सड्यावर गेले तेव्हा. नोव्हेंबर 2018 होता. एका झोपडीसमोर आठेक वर्षांची मुलगी धाकट्या भावाला कडेवर घेऊन उभी होती. आई बेणणीला गेलेली, बाप फवारणीच्या पंपाशी. त्याला हिंदी येत होतं. मुलगी शाळेत जात होती का, विचारलं तर म्हणाला, तिकडे दोन वर्षं गेली. जन्मतारीख विचारल्यावर त्याने क्षणाचाही विचार न करता सांगितली: फागुन महिना, साल 2066. नेपाळात विक्रम संवत चालतो. मी बोटांवर हिशेब केला, 2010 चा फेब्रुवारी-मार्च. म्हणजे मुलगी आठ पूर्ण, वयानुरूप तिसरीत. जन्माचा कागद जवळ नव्हता. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 14 प्रमाणे वयाचा पुरावा नाही म्हणून कोणत्याही मुलाचा प्रवेश अडवता येत नाही. बापाचं म्हणणं प्रतिज्ञालेखावर लिहून घेतलं आणि अंगठा नाही, सही घेतली. त्याची देवनागरीतली सही वळणदार होती.

दुसऱ्या दिवशी ती भावाला घेऊनच आली. त्याला पडवीत बसवलं. तिच्यापुढे मी तिसरीचं बालभारती ठेवलं, म्हटलं चित्रं बघेल. तिने बोट ठेवून वाचायला सुरुवात केली. एकेक अक्षर, थांबत, पण बरोबर. नेपाळी भाषा देवनागरीत लिहितात हे मला पुस्तकातून माहीत होतं. समोर एक मूल न समजणारी भाषा मोठ्याने वाचतंय हे पाहणं निराळंच होतं. ती अडली फक्त 'ळ'वर. ते अक्षर तिच्या मुळाक्षरांत नव्हतंच. 'शाळा'पाशी आली की थांबायची आणि माझ्याकडे बघायची. दुसरीतल्या वाडीच्या मुलाने ते तिला पाटीवर काढून दाखवलं, दोन गोल एकाला एक जोडून. त्यानंतर मी त्या मुलाला तिच्या शेजारी बसवलं. त्यालाही त्याच्या इयत्तेत सोबती नव्हता.

त्या वर्षी डिसेंबरपर्यंत बागांमधली पाच आणि खाणीवरची तीन मुलं आली. वाडीतल्या काही पालकांना सुरुवातीला ते आवडलं नाही. "आमच्या पोरांच्या अभ्यासाचं काय?" असं शाळा व्यवस्थापन समितीच्या बैठकीत विचारलं गेलं. प्रश्न रास्त होता. एकच खोली, चार इयत्ता, आणि आता चार-पाच घरभाषा. सकाळचा पहिला तास मी सगळ्यांचा एकत्र घेऊ लागले: गाणी, गोष्ट, तोंडी हिशेब. खाणीवरची मुलं तोंडी हिशेबात वाडीच्या मुलांच्या पुढे होती. एका ट्रकला किती चिरे आणि ट्रकमागे किती पैसे, हे त्यांच्या घरात रोज बोललं जायचं. मग लेखी कामाला मुलं इयत्तेप्रमाणे न बसवता येतं त्याप्रमाणे बसवली. दुपारी मैदानात पहिल्यांदा खो-खोचा खेळ पूर्ण उभा राहिला. आठ बसलेले, एक धावणारा, समोर पळणारे. आधीची कित्येक वर्षं या शाळेत तेवढी मुलंच नव्हती. समितीत प्रश्न विचारणाऱ्या बाबांनीच पुढे खाणीवर जाऊन दोन मुलींच्या आईबापाची समजूत घातली, हे मला इथे नोंदवून ठेवायचं आहे.

ही मुलं पटावर घेतली, तरी कागदावर ती कशी दिसत होती?

प्रवर्गाच्या रकान्यापासून सुरुवात करते. खाणीवरच्या लमाणी मुलांचा समाज महाराष्ट्रात विमुक्त जाती 'अ' मध्ये येतो. कर्नाटकात तोच समाज अनुसूचित जातींत आहे. पण एका राज्याच्या जातीच्या दाखल्यावर दुसऱ्या राज्यात सवलत मिळत नाही. म्हणजे सीमेपलीकडून आलेली ती मुलगी तिच्या गावी अनुसूचित जातीची, आमच्या शाळेतली तिच्या वयाची सोलापूरकडची लमाणी मुलगी विमुक्त जातीची, आणि हिला इथे काहीच नाही. 1992 पासून दारिद्र्यरेषेखालच्या मागास मुलींना रोज 1 रुपया उपस्थिती भत्ता आहे. रक्कम किती लहान हे मला कळतं. पण वर्गात एका मुलीला मिळतो आणि तिच्या शेजारी बसलेल्या, तशाच झोपडीत राहणाऱ्या मुलीला मिळत नाही, हे त्या दोघींनाही कळतं.

गणवेशाचं तसंच. मागणी आधीच्या पटावर जाते, कपडे येतात तेव्हा ही मुलं अजून गावी असतात. पुस्तकंही तशीच. जी मुलं वरच्या वर्गात गेली त्यांची जुनी पुस्तकं मी जपून ठेवू लागले आणि केंद्रातल्या इतर शाळांकडून मागून आणू लागले.

आणि आधार. अलीकडे संचमान्यतेसाठी आधार पडताळणी झालेलीच नावं धरू लागले. बोगस नावांना आळा घालायचा तर असं काही हवं, हे मी मान्य करते. पण नेपाळहून नुकत्याच आलेल्या मुलाकडे आधार कुठून येणार? कातकरी वस्तीतल्या कितीतरी मुलांकडे नसतं, असलं तर नावात फरक असतो. मूल रोज समोर बसतं, वाचतं, त्याची चाचणी होते, आणि शिक्षकांची संख्या ठरवताना ते मोजलं जात नाही.

एकच हिशेब या मुलांशी प्रामाणिक होता, तो पोषण आहाराचा. तो रोजच्या हजेरीवर चालतो. आज पानावर जितकी मुलं तितका तांदूळ, प्राथमिकला माणशी 100 ग्रॅम. आमच्या मदतनीस काकी 25 मुलांपर्यंत एकट्याच असतात, त्यामुळे 9 च्या जागी 18 झाली तरी काम त्यांच्या एकटीवर. त्यांनी कधी तक्रार केली नाही. आपल्या परड्यातली शेवग्याची पानं घालायच्या. 2020 च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि नेपाळी कुटुंबं बागांमध्ये अडकून पडली, तेव्हा घरी द्यायचा शिधा आला. पटावर नाव होतं म्हणूनच सड्यावरच्या मुलांना तो मिळाला. काकी आणि मी तो डोक्यावरून वर नेला.

जानेवारीत पट दुप्पट दाखवला की वरून विचारणा व्हायची: ही मुलं कुठून आली? त्या शंकेलाही इतिहास आहे. ऑक्टोबर 2011 मध्ये राज्यभर एकाच वेळी पटपडताळणी झाली होती, मुलांच्या बोटांना शाई लावून. खोटे पट दाखवून अनुदान आणि पदं लाटली जात होती आणि ते उघड होणं गरजेचं होतं. मात्र तेव्हापासून वाढलेला पट हा आधी संशयाचा विषय होतो. मी सड्यावरच्या झोपड्या दाखवायची, बागमालकाचं पत्र जोडायची, मुलांना उभं करून वाचायला लावायची. शेवटी ती मुलं आहेत हे सगळ्यांनाच दिसायचं. पण तारीख उलटलेली असायची.

माझ्या माहेरच्या गावाचा विचार मी तेव्हा नेहमी करायची. तिथे दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. 30 सप्टेंबरला शाळेत पूर्ण वर्ग असतो. नोव्हेंबरात अर्धा. ज्यांना आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात ठेवता येतं ती राहतात, बाकीची कोयत्याबरोबर जातात आणि मार्च-एप्रिलला परततात. म्हणजे एकाच तारखेला बीडची शाळा आहे त्यापेक्षा मोठी दिसते आणि कोकणातली आहे त्यापेक्षा लहान. ज्या मुलांचे आईबाप कामासाठी फिरतात, ती मुलं या तारखेला एका ठिकाणी फक्त कागदावर असतात आणि दुसऱ्या ठिकाणी कागदावरही नसतात. मी दोन्हीकडच्या शाळा पाहिल्या, म्हणून ठामपणे सांगते: मोजणी चुकीची नाही, पण ती एकदाच होते हे चुकीचं आहे.

2017 च्या डिसेंबरात 10 पेक्षा कमी पटाच्या तेराशेवर शाळा बंद करून मुलं जवळच्या शाळांत नेण्याचा निर्णय झाला. 2023 मध्ये लहान शाळा एकत्र करून समूह शाळा काढण्याचा विषय आला. तेव्हा 20 पेक्षा कमी पटाच्या शाळांचा आकडा 14 हजारांच्या वर सांगितला जात होता. त्यासाठी पानशेत आणि तोरणमाळच्या समूह शाळांचं उदाहरण दिलं गेलं. तिथे चांगलं काम झालेलं असू शकतं. प्रत्येक ठिकाण वेगळं असतं. आमच्याकडे जवळची शाळा नकाशावर दीड किलोमीटरही नव्हती. पण मध्ये पऱ्या आणि त्यावर लाकडी साकव. जुलैत पऱ्या भरला की साकवाच्या फळ्यांवरून पाणी जातं. सहा वर्षांच्या मुलाला तिथून एकटं पाठवणारी आई मला भेटलेली नाही. शिक्षण हक्क कायदा पहिली ते पाचवीच्या मुलांसाठी एक किलोमीटरच्या आत शाळा मागतो, आणि 60 मुलांपर्यंत दोन शिक्षक मागतो.  दीड किलोमीटर वाडीच्या मुलांसाठी जास्त होतं. सड्यावरच्या मुलांसाठी त्याहून दुप्पट झालं असतं, आणि त्यांच्यासाठी वाहनाची मागणी कोणी केली असती?

मे महिन्यात शाळेत वेगळीच गर्दी असते. मुंबईहून चाकरमानी येतात, हातात प्लास्टिकची फाइल. मुलाला इंजिनीअरिंगला, मुलीला मेडिकलला प्रवेश घ्यायचा आहे, जात पडताळणीसाठी आजोबांच्या जनरल रजिस्टरचा उतारा हवा. इतर मागासवर्गासाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीची नोंद लागते, विमुक्त-भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961, अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950. 2023 च्या शेवटी कुणबी नोंदी शोधायचं काम राज्यभर निघालं तेव्हा तर शाळाशाळांतली जुनी रजिस्टरं पानोपान तपासली गेली. आमच्या रजिस्टरातही बौद्धवाडीच्या कुटुंबांच्या नोंदीत 1956 नंतर धर्माचा रकाना बदललेला दिसतो. बापाच्या नावापुढे एक, मुलाच्या नावापुढे दुसरं. आजोबांचं नाव शोधताना एखादा चाळिशीचा माणूस माझ्या टेबलाशी ओणवून बघायचा आणि सापडलं की गप्प व्हायचा. अशा वेळी वाटायचं, 9 मुलांची म्हणून जी शाळा मोजली जाते तिच्यावर किती माणसांची कागदपत्रं उभी आहेत.

त्याच रजिस्टरात आता त्या नेपाळी मुलीचं नाव आहे. अनुक्रमे पुढचा नंबर, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, जन्मठिकाणापुढे जिल्हा आणि देश. तिने तिसरी आणि चौथी आमच्याकडे केली, मध्ये पावसाळ्यात गावी जाऊन येत. जाताना मी मुलांबरोबर शिक्षण हमी पत्रक द्यायची. कोणत्या वर्गात होतं, काय येतं, काय राहिलं ते लिहून. कर्नाटकात किंवा नेपाळात ते कोणी वाचेल याची खात्री नव्हती, म्हणून खाली माझा फोन नंबर घालायची. एकदा विजापूरकडच्या एका शिक्षकांचा फोन आला. मोडक्या हिंदीत आम्ही खाणीवरच्या एका मुलीच्या भागाकाराबद्दल बोललो. चौथी झाल्यावर नेपाळी मुलीच्या बापाने बाग बदलली आणि ती दाखला घेऊन दुसऱ्या तालुक्यात पाचवीला गेली. तिचा दाखला लिहिताना 'प्रगती' या शब्दापुढे मी 'उत्तम' लिहिलं.

माझी बदली झाली तेव्हा शाळेचा 30 सप्टेंबरचा पट 8 होता. एक शिक्षक मंजूर. फेब्रुवारीत मी सोडली तेव्हा वर्गात 19 मुलं होती.

मागणी मोठी नाही. पट वर्षातून दोनदा धरा. दुसरी तारीख जानेवारीत असू द्या, जेव्हा कोकणातल्या बागा, खाणी, भट्ट्या आणि देशावरचे उसाचे फड सगळीकडे माणसं कामावर असतात. मूल समोर बसलेलं असेल तर आधार नाही म्हणून त्याला वगळू नका. केंद्रप्रमुखांनी प्रत्यक्ष येऊन पाहावं आणि सही करावी. त्या हंगामापुरता दुसरा शिक्षक द्या.

आणि वाचकांपैकी कोणाची आंब्याची बाग असेल, कोणाच्या शेताशेजारी खाण किंवा वीटभट्टी असेल, तर तिथे राहणाऱ्या कुटुंबाला एवढं सांगा: जन्मदाखला, आधार, आधीच्या शाळेचा दाखला, यातलं काहीही नसलं तरी जवळची सरकारी शाळा मुलाला प्रवेश नाकारू शकत नाही, आणि जून उलटला तरी नाकारू शकत नाही. त्यांना एकट्याने जायला संकोच वाटतो. एकदा त्यांच्याबरोबर शाळेच्या दारापर्यंत जा.